आठ वॅटचा हट्ट

घरात कपाटाएवढे दोन स्पीकर ठेवा आणि त्यांना जेवणाच्या डब्याएवढा ॲम्प्लिफायर जोडा. मग किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते स्वतःच बेल वाजवून आत येतात, चहा पितात आणि सल्ला देऊन जातात. नाशिकच्या आमच्या हॉलमध्ये गेली काही वर्षं हेच चाललंय.

*

सुरुवात कुरिअरवाल्याने केली. ॲम्प्लिफायरचं खोकं हातात देताना त्याने आतले स्पीकर बघितले आणि म्हणाला, "साहेब, यांचा रिमोट आला वाटतं!"

*

आमचे मित्र बापू लासलगावचे, कांद्याचे व्यापारी. प्रत्येक वस्तू आधी उचलून बघणार. स्पीकर जागचा हलेना. ॲम्प्लिफायर मात्र दोन बोटांत आला.

"भाऊ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला सायकल जुंपली का हो तुम्ही?"

"ट्रॉली उतारावर आहे, बापू!"

हे स्पीकर जुन्या थिएटरचे. थोडक्या विजेवर मोठा आवाज काढायचा, यासाठीच बनवलेले. मी हे समजावलं. बापूंनी फरशीकडे बघितलं. "उतार कुठं दिसत नाय."

*

दुसरे मित्र जोशी. त्यांचा सगळा अभ्यास व्हिडिओवरचा.

"आठ वॅट? अहो, निदान शंभर तरी हवेत!"

मी नॉब अर्ध्यावर नेला. जोशी उठले, खिडकी लावून आले. "शेजारी काय म्हणतील हो!"

बसल्यावर म्हणाले, "पण पॉवर कमीच आहे."

*

खरा विरोध घरातला. सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, त्या जागी सोफा हवा होता.

"बापूभाऊजी मोठा ॲम्प्लिफायर आणतायत. त्याने आवाज सुधारला तर तुम्ही हरलात. स्पीकर गॅलरीत, सोफा हॉलमध्ये."

गॅलरीत ऊन-पाऊस. स्पीकरचा कागदी पडदा तिथे वर्षभरही टिकला नसता.

"आणू दे," मी म्हणालो. "माझा डबा बदलणार नाही!"

*

शनिवारी बापू आले. पुतण्याच्या मंडपाच्या धंद्यातला चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर त्यांनी आणि जोशींनी मिळून वर चढवला. जोडला. शोकेसमधल्या कपबश्या नाचायला लागल्या.

"ह्याला म्हनायचं आवाज!" बापू ओरडले.

"बेस बघा, बेस!" जोशी त्यांच्याही वर ओरडले.

सुनंदा नजरेनेच सोफा मांडून बघत होती.

तेवढ्यात वीज गेली. पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला.

"टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरवर हाय ना? मग लावा तिथं!" म्हणत बापूंनी स्वतःच वायर ओढली आणि स्विच दाबला. इन्व्हर्टर किंचाळला. पंखाही थांबला.

मी त्यांची वायर काढली, इन्व्हर्टर पुन्हा चालू केला, तसा पंखा फिरायला लागला. मग माझा डबा जोडला. फोनवरून एक जुनं भावगीत लावलं. गाणारीने ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. जोशी खुर्ची पुढे ओढून बसले.

कडव्यानंतर बापूंनी रुमालाने मान पुसली. हळूच म्हणाले, "वहिनी, पंखा जरा वाढवा ना. लय उकडतंय."

सुनंदा उठली. तिने पंखा बंद केला आणि स्पीकरसमोर येऊन खाली सतरंजीवर बसली.

"उकडू द्या, भाऊजी. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही!"