रायफलीची सीलबंद मॅगझिनं

माझा नवरा श्रीधर एका सोमवारी गेला. बेंगळूरमध्ये बनशंकरीच्या स्टॉपवर तो बसची वाट बघत होता. दुपारी मला लॅबमध्ये फोन आला.

तेरावं झाल्यावर मी कामावर रुजू झाले, तेव्हा माझ्या टेबलावर लाखेचं सील लावलेलं एक खोकं होतं. आमच्या लॅबचे प्रमुख शेषाद्री साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. एरवी ते बोलावून घेत.

"सुधा मॅडम, काम अर्जंट आहे, पण तुम्ही त्रास घेऊ नका," ते म्हणाले. "फाइल वाचून ओपिनियन देता येईल. दोन ओळी लिहा, मी सही करतो."

आमचं बोलणं इंग्रजीत चाले. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

आमची लॅब सरकारी होती. धातूची एखादी वस्तू तुटली, वाकली किंवा चालेनाशी झाली, की ती का बिघडली हे शोधून सांगणं आमचं काम. माझ्याकडे स्प्रिंगा होत्या. कुठल्याही यंत्राची स्प्रिंग माझ्याकडे येई. त्या दिवशी रायफलीच्या मॅगझिनची आली होती.

मॅगझिन म्हणजे पत्र्याची चपटी डबी. तिच्यात गोळ्या एकीवर एक रचतात. तळाशी स्प्रिंग असते आणि स्प्रिंगवर एक छोटी पट्टी. गोळी सुटली की स्प्रिंग त्या पट्टीला वर ढकलते आणि पुढची गोळी तोंडाशी येते. एवढंच तिचं काम. पट्टी वर आली नाही तर रायफल म्हणजे लोखंडी दांडा.

फाइलमधली हकिगत अशी होती. महादेवपुऱ्याच्या बाजूला एक मोठा कारखाना होता. त्याच्या भंगाराच्या यार्डात तांब्याची तार साठली होती, म्हणून तिथे सशस्त्र गार्डांची नवी पोस्ट उघडली. पोस्टसाठी कोठारातली स्पेअर मॅगझिनं काढून दिली. एका पहाटे चोर टेम्पो घेऊन आले. ड्यूटीवर मारुती नावाचा गार्ड आणि त्याचा जोडीदार होते. मारुतीने हवेत एक गोळी झाडली. दुसरी सुटली नाही. रायफल चालत नाही हे चोरांच्या लक्षात आलं. त्यांनी जोडीदाराचा हात लोखंडी पहारीने मोडला आणि तार नेली.

चौकशीत मारुतीने एक गोष्ट कबूल केली. ड्यूटी संपली की मॅगझिन रिकामं करायचं, असा कारखान्याचा नियम होता. त्याने ते पोस्ट उघडल्यापासून भरलेलंच ठेवलं होतं. आरोप तयार होता: सतत दाबून राहिल्यामुळे स्प्रिंग ढिली पडली, गोळी वर आली नाही, जोडीदार जखमी झाला. शिक्षा बडतर्फीची. लॅबने फक्त हो म्हणायचं होतं.

"स्प्रिंग दाबून ठेवली की बसते," शेषाद्री म्हणाले. "हे तर कोणीही सांगेल."

"कोणीही सांगतं," मी म्हणाले. "मोजून बघते."

त्या दिवसांत मला हाताला काम हवं होतं, हेही खरं आहे.

स्प्रिंग दाबून ठेवली की दमते, असं पुष्कळ लोकांना वाटतं. चांगली स्प्रिंग बनवताना कारखान्यातच तिला पूर्ण दाबतात. तिला जेवढं बसायचं असतं तेवढं ती तिथेच बसते. पुढे ती नुसती दाबून ठेवली तर फारसा फरक पडत नाही. ती थकते वारंवार वरखाली होऊन, आणि खराब होते गंजामुळे. मारुतीच्या मॅगझिनची स्प्रिंग मी टेस्टरवर ठेवली, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या उंचीपर्यंत दाबली आणि काटा वाचला. मग पुन्हा केलं. जोर हवा तेवढाच होता. स्प्रिंग नवी असावी तशी होती.

मी शेषाद्रींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग गोळी का आली नाही?"

"ते या मॅगझिनवरून कळणार नाही. पाठवण्याआधी त्यांनी ते रॉकेलने धुतलंय. आतून आरशासारखं आहे."

"पुरावा धुतला?"

"मुद्दाम नसेल. वस्तू बाहेर पाठवायची तर स्वच्छ करून पाठवायची, हे त्यांच्या हाडात असतं. मला त्यांच्या कोठारातली बाकीची स्पेअर बघायला हवीत."

"तुम्ही जाल? इतक्यात?" त्यांनी विचारलं. मी जाईन म्हणाले.

कारखान्याच्या गेटवर एक उंच माणूस हजेरीच्या रजिस्टरवर सही करत होता. सस्पेंड झालेल्या माणसालाही रोज येऊन सही करावी लागते. माझं नाव गेटवर सांगितलं गेलं तसा तो वळला आणि मराठीत बोलला. मारुती निपाणीकडचा होता.

"बाई, तुमीच लॅबच्या का?"

"हो. पण मला तुमच्याशी बोलता येत नाही. केस चालू आहे."

"मग मी गेटाशी बोलतो, तुमी ऐकू नका," तो म्हणाला. "भरल्यालं ठेवलं हे मी न्हाई म्हणत न्हाई. यार्डात दोघंच असतोय. चोर आल्यावर त्यांना म्हणू काय, जरा थांबा, गोळ्या भरतो? आणि भरताना लई जड जायचं ते. अंगठा सुजायचा. एकदा भरलं की काढायला नको वाटायचं. आर्मररला सांगितलं तर म्हणला, नवी स्प्रिंग हाय, जड असणारच."

मी आत गेले. पण भरताना जड, हे डोक्यात राहिलं. ढिली पडलेली स्प्रिंग भरताना जड जात नाही.

शस्त्रांच्या कोठाराचे आर्मरर गोविंदराव होते. त्यांचं घराणं बेंगळूरमध्ये कित्येक पिढ्या राहिलेलं. त्यांची मराठी घरातली होती, कानडीत मुरलेली. कोठार इतकं नीटनेटकं होतं की मला चप्पल बाहेर काढावीशी वाटली. फळ्यांवर मेणकागदात गुंडाळलेली मॅगझिनं ओळीने ठेवलेली. प्रत्येकाला दोरा, प्रत्येक दोऱ्याला सील.

"किती वर्षांची आहेत ही?" मी विचारलं.

"मी लागलो तेव्हाचीच की, अक्का. एकही इकडचं तिकडं नाही. दर वर्षी ऑडिटला मोजतात. सील बघतात, सरी, ठीक आहे म्हणतात, जातात."

"कधी भरून पाहिलीत?"

"स्पेअर कोण भरतं, अक्का? स्पेअर म्हणजे ठेवायचं."

तेवढ्यात कारखान्याच्या गार्डांचे कमांडंट आले. निवृत्त मेजर, साठीच्या आसपासचे, ताठ चालणारे. मला एक मॅगझिन उघडायचं आहे हे ऐकून त्यांनी मान हलवली.

"सील तोडलं तर चौकशीचं बोर्ड बसवावं लागतं. आणि तुम्ही ती लोड करणार. लोड केलं की स्प्रिंग गेली. तीस वर्षं मी हे शिकवत आलोय."

"सर, मी स्प्रिंगच मोजते," मी म्हणाले. "ही भरून पाहिली नाहीत तर ती चालतात हे तुम्हाला कसं कळणार?"

"सील शाबूत आहे."

"सील शाबूत आहे म्हणजे कोणी उघडलं नाही, एवढंच कळतं."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी शेषाद्रींना फोन लावला आणि बराच वेळ बोलले. मी बाहेर बाकावर बसून राहिले. शेवटी आत बोलावलं. तीन मॅगझिनं उघडायला मिळाली, त्यांच्या पसंतीची. मी म्हणाले, चालेल.

गोविंदरावांनी पहिलं मॅगझिन सोडवलं. बाहेरून देखणं, ग्रीसचा पातळ थर, कुठे ओरखडा नाही. मी ड्रिलच्या गोळ्या मागितल्या. सरावासाठी असतात त्या, आत दारू नसते. गोविंदराव गोळ्या भरू लागले. पहिल्या काही गेल्या. मग त्यांचा अंगठा पांढरा पडला.

"जड आहे?" मी विचारलं.

"स्वल्प," ते म्हणाले. कमांडंट त्यांच्याकडे बघत होते.

भरून झाल्यावर मी वरची गोळी सरकवून काढली. पुढची वर आली नाही. गोळ्या आत सैल पडून राहिल्या. मॅगझिन हलवलं तर त्या खुळखुळल्या. दुसऱ्या मॅगझिनची पट्टी अर्ध्यावर अडकली. तिसरं नीट चाललं.

मी पहिल्याचा तळ सरकवून स्प्रिंग बाहेर काढली आणि आत टॉर्च धरला. भिंतीवर लालसर, चिकट थर होता. पट्टीच्या कडांना तोच थर घट्ट बसला होता, पुट्टीसारखा. चिमट्याने थोडा खरवडला तर त्यात तांदळाचे दाणे निघाले. आणि एक वाळलेली झेंडूची पाकळी.

कुंकू तेलात बसून वाळलं की कसं होतं हे मला सांगायला भिंगाची गरज नव्हती. देवघरातल्या समईखाली ते तसंच होतं. खरवडल्याशिवाय किंवा रॉकेलने धुतल्याशिवाय निघत नाही.

"गोविंदराव," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"आयुधपूजा," ते म्हणाले. "खंडेनवमी. सगळी शस्त्रं घोंगडीवर मांडतो. स्पेअर ट्रेमध्ये उभी ठेवतो, तोंड वर करून. हळद-कुंकू, अक्षता, फुलं. रायफलींना मी नंतर पुसतो, तेल देतो, गोळीबाराच्या रेंजवर जातात त्या. स्पेअर बाहेरून पुसतो, ग्रीस लावतो आणि सील."

"आतून?"

"आतून कशाला, अक्का? आत कोण गेलंय?"

दर वर्षी थोडं कुंकू, थोडा ओलावा, वरून तेल. गोळ्या जोराने दाबल्या की पट्टी त्या थरातून खाली जाई आणि तिथेच चिकटून बसे. मारुतीचं मॅगझिनही याच फळीवरून गेलं होतं. त्याने ते रोज रिकामं केलं असतं तरी दुसरी गोळी आली नसती. उलट त्याने ते रोज रिकामं करून पाहिलं असतं, तर दोष आधी कळला असता. हेही मी रिपोर्टमध्ये लिहिलं, कारण ते खरं होतं.

खरी अडचण रिपोर्टच्या एका शब्दावरून आली.

"फॉरेन मॅटर लिहा," शेषाद्री म्हणाले. "बाहेरचा पदार्थ. पूजा वगैरे आपल्या रिपोर्टमध्ये कशाला? उद्या कोणी म्हणेल, लॅबने पूजेला दोष दिला."

"नुसतं बाहेरचा पदार्थ लिहिलं तर ते म्हणतील, भंगाराच्या यार्डातली धूळ. मारुतीने निष्काळजीपणाने आत जाऊ दिली. त्याची नोकरी जाईल."

"त्याची नोकरी आपल्या कक्षेत येत नाही, मॅडम."

"पदार्थ कोणता, ते येतं."

मला वाटतं, महिनाभरापूर्वी ते रागावले असते. त्या दिवशी त्यांना माझ्याशी कसं बोलावं ते कळत नव्हतं. मी त्याचा फायदा घेतला असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: हळद व चुन्यापासून केलेली लाल पूड, तांदळाचे दाणे, फुलाची पाकळी, वाळलेलं तेल, सीलबंद मॅगझिनमध्ये आढळलं, पोस्टवर देण्याआधीपासूनचं. त्यांनी प्रत्येक शब्द दोनदा वाचला आणि सही केली.

चौकशीच्या दिवशी मला साक्षीला बोलावलं होतं. माझं बोलून झाल्यावर कमांडंटांनी विचारलं, मॅगझिनच्या आत हे गेलं कसं याची कोणाला माहिती आहे का. विचारताना त्यांनी गोविंदरावांकडे पाहिलं नाही. त्यांना वाचवायचा तो प्रयत्न होता असं मला वाटतं. गोविंदराव उठून उभे राहिले.

"मी घातलंय, सर. दर वर्षी, भक्तीने. या पोराचा संबंध नाही."

"बसा, गोविंदराव."

"बसतो, सर. पण लिहून घ्या."

ते लिहून घेतलं गेलं. मारुतीला नियम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. गोविंदरावांनाही ताकीद मिळाली. निवृत्त व्हायला त्यांना थोडेच दिवस होते, त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "नोकरीत पहिला कागद, अक्का. तोही कुंकवाचा."

कमांडंटांनी नवा नियम केला. प्रत्येक स्पेअर मॅगझिन रेंजवर भरून, झाडून बघायचं. चाललं तर साफ करून, रिकामं करून ठेवायचं आणि तळाला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका नसेल ते पोस्टवर द्यायचं नाही. स्प्रिंग दमते असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण नियम पाळला.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आम्हा लॅबवाल्यांना बोलावलं. मॅगझिनं ट्रेमध्ये पालथी ठेवली होती, वर धुतलेलं कापड, आणि पूजा कापडाची. ऑफिसातली एक बाई कुंकवाची वाटी घेऊन बायकांच्या रांगेतून येत होती. माझ्यासमोर ती किंचित थांबली आणि पुढे गेली. मी केळं आणि चुरमुऱ्याचा प्रसाद घेतला. मारुती दारात ड्यूटीवर होता. त्याने सॅल्यूट केला, जो त्याने मला करायची गरज नव्हती.

या प्रकरणातून शिकण्यासारखं फार नाही. मोजलेली वस्तू आणि चालवून पाहिलेली वस्तू, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऑडिटला पहिली पुरते. यार्डातल्या माणसाला पुरत नाही.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गोविंदराव गेले, शेषाद्रीही गेले. मी अजून बनशंकरीलाच राहते. श्रीधरची पुस्तकं दोन कपाटांत आहेत. काही मी वाचली. बाकीची न उघडलेली, नुसती मोजून ठेवलेली आहेत.