दगडाबाईच्या हातचं पाणी

माझ्या मावशीचं बाप्तिस्म्याचं नाव मार्था. पण त्या नावानं तिला फादर सोडून कुणी हाक मारली नाही. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं हिचं नाव दगडा ठेवलं. असलं नाव ऐकून तरी मरण दुसरं दार बघेल, एवढाच हेतू. नाव लागू पडलं. मावशी जगली, आणि आमच्या वस्तीत तिच्या तोंडाला लागायची छाती कुणाची झाली नाही.

ती मागावरच्या कांड्या भरायची. सोलापुरात चादरीचा माग चालतो तो कुणी बाई घरात बसून चाक फिरवत सुताच्या कांड्या भरते म्हणून. पूर्व भागातल्या मागवाल्याकडून सूत आणायची, चाकाशी बसायची, आणि हात चालू ठेवून जगाचा उद्धार करायची. दुकानदार, मुकादम, नळाला पाणी न सोडणारी महापालिका, सगळे तिच्या तोंडी असत. तिचा नवरा श्रीमंत, म्हणजे माझे काका, उंबऱ्यात बसून हसायचे. नाव श्रीमंत आणि अंगात एक सदरा. त्यांना मूल नव्हतं. आई गेल्यापासून मी त्यांच्याकडेच होते.

आमची वस्ती शहराच्या कडेला, चर्चच्या आवाराला लागून. आवारात विहीर, चर्चच्या मागं भिंत घातलेलं कबरस्तान. फादर परमुलखातले असायचे, दर चार-पाच वर्षांनी बदलायचे. बदलत नव्हता तो संगप्पा मास्तर. अक्कलकोटकडचा हा माणूस मुलांना धर्माची प्रश्नोत्तरं शिकवायचा, आजाऱ्याकडे फादरना घेऊन जायचा, आणि फादरना मराठी धड येत नसल्यामुळे वस्तीचं सगळं बोलणं त्याच्याच तोंडून फादरच्या कानी जायचं. दुष्काळात मिशनचा गहू आला, दुधाची भुकटी आली, ती वाटणारा हाच. त्यामुळे सगळी वस्ती त्याला बघितलं की उठून उभी राहायची. मावशी बसूनच राहायची.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. लोक रात्री-अपरात्री पाणी चोरतात म्हणून मास्तरनं विहिरीचा रहाट काढला आणि दोरासकट आपल्या खोलीत कोंडून ठेवला. त्यानं खोली उघडली तर पाणी, नाहीतर नाही. एके दिवशी मास्तर गावाला गेला होता. घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी तापानं फणफणले होते, पाणी पाणी करत होते. काका कळशी खांद्याला बांधून विहिरीच्या कपारीत पाय देत उतरले. अर्ध्यावर पाय घसरला. खाली दगड होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर परत आला. रहाट का काढला, कुणाला विचारून काढला, हे आता विचारलं जाणार हे त्याला कळलं. त्यानं फादरना सांगितलं की श्रीमंतनं जीव दिला. दारू प्यायचा, बायकोशी भांडण झालं, उडी टाकली. म्हातारे फादर नियमाचे पक्के. जीव देणाऱ्याला कबरस्तानात जागा नाही, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना नाही, पवित्र पाणी नाही. काकांना भिंतीबाहेर, बाभळीखाली पुरलं. घंटासुद्धा वाजवली नाही.

माझं आजही डोकं फिरतं ते इथं. विहिरीत गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं हो! जीव द्यायला निघालेला माणूस कळशी खांद्याला बांधून जातो काय? चेपलेली कळशी सगळ्यांनी बघितली होती. रहाट कुणाच्या खोलीत आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सगळे मूग गिळून बसले, कारण गव्हाचं माप मास्तरच्या हातात होतं. आठ दिवसांत रहाट परत विहिरीवर चढला, आणि कुणीही हूं की चूं केलं नाही. मावशी फादरकडे गेली, रडली, ओरडली. फादर मास्तरकडे बघायचे आणि मास्तर इंग्रजीत काहीतरी सांगायचा. तिनं काय सांगितलं आणि त्यानं काय सांगितलं, देव जाणे.

मावशीनं चर्च सोडलं नाही. लोकांना वाटलं होतं सोडेल. ती दर रविवारी यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि मास्तर बायबल वाचायला उभा राहिला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो अडखळायचा. मग मिस्सा संपला की ती भिंतीबाहेर जाऊन बाभळीखाली एकटीच जपमाळ म्हणायची.

अशात चौऱ्याहत्तर साल आलं. पुढल्या वर्षी रोमला पवित्र वर्ष होणार होतं. पंचवीस वर्षांतून एकदा येतं ते. यात्रेला जा, पाप कबूल करा, प्रसाद घ्या, पोपसाठी प्रार्थना करा, की पापाची सगळी शिक्षा माफ. स्वतःची नाहीतर मेलेल्या माणसाची. आमच्यासारख्यांना कुठलं रोम! म्हणून आधीचं वर्ष ज्यानं त्यानं आपल्या मुलखात पाळायचं होतं. आम्हाला शहरातलं मोठं चर्च नेमून दिलं. क्रूस घेऊन पायी जायचं. आणि पोपनी या वर्षासाठी एकच शब्द नेमून दिला होता, समेट. ज्याचं कुणाशी वैर आहे त्यानं आधी ते मिटवावं, मगच यात्रेला निघावं.

तोवर जुने फादर जाऊन नवे आले होते. मंगळूरकडचे, तरुण, पुस्तकातलं मराठी बोलणारे. माणूस चांगला होता, पण चांगल्या माणसाला घाई फार असते. वस्तीतलं सगळ्यांत मोठं वैर कुठलं हे त्यांना महिन्याभरात कळलं, आणि ते मिटवायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. ते आमच्या घरी आले. मावशीनं चाक थांबवलं नाही.

"मार्थाबाई, ही यात्रा आपण आपल्या पतीच्या आत्म्यासाठी अर्पण करू शकता," फादर म्हणाले. "परंतु अंतःकरणात क्रोध ठेवून ती फळणार नाही. आपण संगप्पांना क्षमा केली पाहिजे."

"त्येनं मागितलीय का?"

"ते तयार आहेत. ते म्हणाले, माझ्या मनात काहीच नाही."

मावशीच्या हातातली कांडी गळून पडली. "त्येच्या मनात काय न्हाय! का आसंल? त्येचं कोन मेलंय?"

मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. फादरनी ऐकून घेतलं. पण जुने फादर वेगळं सांगून गेलेले, मास्तर वेगळं सांगणारा, वस्तीतून एक माणूस बोलायला तयार नाही. ते म्हणाले, "खरे काय ते परमेश्वर जाणतो. आपण पाण्याने समेट करू. येथील रीत मला आवडली."

ते गेल्यावर मावशीनं पडलेली कांडी उचलून चाकाला लावली. मग मला म्हणाली, "जाते मी. त्येच्यासाठी जाते." 'त्येच्यासाठी' म्हणजे काकांसाठी. वर्षभर बाहेर पडलेल्या माणसाला आत घ्यायला दुसरी वाट तिला दिसत नव्हती.

आता ती पाण्याची रीत सांगते, कारण घोळ तिथंच झाला. आमच्या वस्तीत भांडण मिटलं की एकानं पाणी द्यायचं आणि दुसऱ्यानं प्यायचं. पण कुणी कुणाला, हे ठरलेलं आहे. ज्याची चूक, त्यानं सगळ्यांसमोर विहिरीतनं पाणी शेंदायचं आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या ओंजळीत घालायचं. पाणी देणारा म्हणजे गुन्हेगार. बाप-लेकाच्या भांडणात बापानंही दिलंय. फादरना एवढंच माहीत होतं की पाणी पितात. त्यांच्याकडे घरात पाणी बाई देते, म्हणून त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की मार्थाबाई देतील आणि मास्तर पितील. आणि मास्तर, जो या वस्तीत केस पांढरे करून बसला होता, त्यानं एका शब्दानं फादरना सांगितलं नाही की हे उलटं आहे. गप्प बसला. गप्प बसायला काही लागत नाही.

यात्रेच्या सकाळी सगळी वस्ती धुतलेले कपडे घालून विहिरीपाशी जमली. क्रूस उभा होता, झेंडे होते. दोन जावांचा, एका सासऱ्या-जावयाचा समेट झाला. मग फादरनी पाण्यानं भरलेला तांब्या मावशीसमोर धरला आणि म्हणाले, "मार्थाबाई, आपल्या हाताने संगप्पांना पाणी द्या."

मावशीनं तांब्याकडे बघितलं, मग मास्तरकडे. मास्तरनं ओंजळ पुढं केली होती. खरंच केली होती! डोळे मिटून, मान तिरकी करून, संतासारखा उभा.

"मी देऊ?" मावशी म्हणाली.

"जाऊ दे, दगडाबाई," मास्तर डोळे न उघडता म्हणाला. "मी तुला माफ केलंय की."

मला वाटलं ती तांब्या त्याच्या डोक्यात घालणार. मी असते तर घातला असता. पण तिनं तो फादरच्या हातातून घेऊन सावकाश कट्ट्यावर ठेवला. मग विहिरीशी गेली, रहाटावरचा दोर ओढून ओढून काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"फादर, हितली रीत अशी हाय की चुकला त्येनं पानी द्यायचं. इचारा कुनालाबी. ह्येनं द्यावं मला. आन् माजा नवरा उतरला तसं उतरून द्यावं. तवा दोर नव्हता." आयुष्यभर मास्तरला तिनं अहो-जाहो केलं होतं, कितीही भांडली तरी. त्या दिवशी ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "उतर."

फादर काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला. मास्तरनं डोळे उघडले होते. तो काठाशी आला, वाकून खाली बघितलं. विहिरीत त्या साली पाणी होतं, पण कपारी शेवाळल्या होत्या. तो मागं सरकला.

"दगडाबाई, येडी का काय? पाय घसरंल माजा."

मला आठवतं, झेंडा धरलेल्या माणसानं झेंडा खाली टेकवला.

"घसरंल," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "पन भिऊ नगंस. तू पडलास तर मी फादरना खरं सांगीन. मास्तर पानी आनाया गेलता, पाय घसरला. उडी टाकली म्हननार न्हाय मी."

मास्तर मटकन कट्ट्यावर बसला. आणि तेव्हा, सगळं उघडं पडल्यावर, रंभाबाई नावाची आमची शेजारीण पदर खोचून पुढं आली. "रहाट ह्येनंच काढला हुता, फादर. आमाला समद्यांला ठाव हाय." तिच्या मागून दुसरा बोलला, तिसरा बोलला. सगळ्यांना कंठ फुटला! वर्षभर त्यांचे गळे कुठे गेले होते कुणास ठाऊक. मला त्या घटकेला मास्तरपेक्षा त्यांची जास्त चीड आली, आणि आजही येते.

फादर मास्तरसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी मास्तरला विचारलं, "त्यांनी उडी टाकली हे कोणी पाहिले?"

"कुनी न्हाय," मास्तर म्हणाला.

"मग आपण का सांगितले?"

"भ्यालो. रहाट मी काढला हुता."

मावशीनं माझ्या हातातला दोर घेतला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो रहाटावर चढवला, पाणी शेंदलं आणि तिच्या ओंजळीत घातलं. ती प्यायली. एक घोट नाही, ओंजळ रिकामी होईपर्यंत प्यायली. मग पदरानं तोंड पुसून यात्रेच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

वाटेत फादर मागं येऊन तिच्याबरोबर चालू लागले. "मनापासून क्षमा केलीत ना?" त्यांनी विचारलं.

"पानी प्याले की," ती म्हणाली. "राग हाय अजून. त्यो काय लगेच जातोय व्हय? आज न्हाय म्हनले तर खोटं हुईल."

मोठ्या चर्चमध्ये मावशीनं गुडघे टेकून काकांचं नाव घेतलं, मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असं.

परत आल्यावर फादर तिला घेऊन बाभळीखाली गेले. पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, राहिलेली घंटा वाजवायला लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "मार्थाबाई, बिशपांची परवानगी मी आणतो. श्रीमंतांना आपण येथून काढून आत, चांगल्या जागी ठेवू."

मावशी खाली बसली होती. कबरीवरचे बाभळीचे काटे ती एकेक करून वेचत होती. तिनं वर बघितलं.

"त्येला कशाला हलवताय? त्यो काय चुकलाय?" ती म्हणाली. "भिंत हलवा."