हरणीच्या बरगड्या

हरणीच्या बरगड्या किती, हे नव्या जालन्यातल्या त्या गल्लीत कुणीही सांगितलं असतं. हरणी राधाकिसनची कुत्री. तो टेंभुर्णीचा मेंढपाळ; मेंढरं विकून कन्हैयालाल शेठच्या बियाण्याच्या गोदामावर वॉचमन झाला, तेव्हा गावाकडून आपलं असं तिलाच तेवढं घेऊन आल्ता.

समोरच्या बंगल्यात शेठच्या बायको भगवतीदेवी. सोवळ्याच्या इतक्या कडक, की परक्याच्या घरचं पाणीही पीत नसत. मन मात्र लोण्याचं.

"राधाकिसन, मुक्या जिवाला उपाशी मारता? शरम नाही वाटत?"

"भाभीजी, कारवानी हाये ती! काफिल्यांसंगं आलेली जात, असं आमचा आजा सांगायचा. छाती खोल, कंबर मुठीत मावणारी. ससा दिसला की सुटलीच! हिला चरबी चढली तर ससे हसून हसून मरतील."

पण ऐकतंय कोण! दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. तुपातल्या बाट्या, शिरा, पुऱ्या. आता कारवानीची दुसरी खोड अशी, की परक्या हातचं ती हुंगतसुद्धा नाही. राधाकिसननं स्वतः भरवलं असतं, पण पळणाऱ्या कुत्रीला तूप? आजा स्वर्गातून काठी घेऊन उतरला असता! हरणीला भाकरी-दूध बराबर मिळत होतं. मग शिरा काय उकिरड्यावर टाकायचा? राधाकिसननं खाल्ला. रोज खाल्ला.

चार महिन्यांत त्याच्या गणवेशाची बटणं लागेनात. हरणी होती तशीच. एके दिवशी गल्लीनं दोघांना शेजारी शेजारी पाहिलं, आणि झालं!

"कुत्रीच्या तोंडचा घास खातो मेला!"

कप्पाळ! पोटच साक्षीला उभं. भगवतीदेवींनी हरणीला बंगल्यावर नेलं. राधाकिसननं साखळी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून त्याला घास गिळेना.

चौथ्या दिवशी सकाळी शेठ एकाच चपलेवर धावत आले.

"राधाकिसन, जल्दी चल! कुत्री जेवत नाही, म्हणून बाई जेवत नाहीत, म्हणून चूल पेटत नाही. तीन दिवस झाले, मी बिस्किटांवर आहे!"

राधाकिसन आपली भाकरी फडक्यात घेऊन पळाला. गालिच्यावर हरणी पडली होती, शेजारी भगवतीदेवी, दोघींचे डोळे खोल गेलेले. त्यानं भाकरी मोडली. हरणीनं त्याच्या तळहातावरून तुकडा तुकडा खाल्ला, आणि तो भडाभडा रडला.

"मला वाटलं, तुम्हीच तिचं खाता," भगवतीदेवी म्हणाल्या.

"खाल्लं की, भाभीजी. खोटं कशाला बोलू? शिरा लई चांगला राह्यचा."

मग त्यानं उरलेली अर्धी भाकरी त्यांच्यापुढे धरली. शेठ आ वासून पाहत राहिले. बाईंनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, आणि घास मोडला.

भाकरी संपल्यावर त्यांनी साखळी त्याच्या हातात ठेवली.

"घेऊन जा हिला. उद्यापासून डबा तुमच्या नावानं येईल."

"अन् मला?" शेठनं विचारलं. पण फडक्यात आता चुरासुद्धा उरला नव्हता.