माहा रिपोर्ट

हिंगणा रोडवरच्या दोन खोल्यांत प्रीतम एकटाच राही आणि तिथूनच नोकरी करी. आई गेल्यावर तिच्या खोलीचं दार बहुतेक बंदच असे. दिवसभराचं बोलणं इंग्रजीत, तेही टाइप करून. डबा आणणाऱ्याशी दोन शब्द हिंदीत.

रामदासपेठेतल्या एका इस्पितळाची वेबसाइट तो सांभाळी. सकाळी रिपोर्ट लागले की पेशंट एकदमच लॉगिन करत आणि साइट बसून जाई. मुख्य सर्व्हरच्या पुढे आणखी एक सर्व्हर होता, रिव्हर्स प्रॉक्सी. एकदा मागितलेल्या पानाची प्रत तो ठेवून घेई आणि पुढच्याला तीच देई; मात्र लॉगिन केलेल्यांना प्रत द्यायची नाही, असा जुना नियम होता. प्रीतमने तो सैल केला. डॉक्टरांच्या वेळा, पथ्याची माहिती अशी सगळ्यांना सारखी असणारी पानं त्यांनाही या प्रतींच्या साठ्यातून द्यायची. ज्यावर माणसाचं नाव, ते पान दर वेळी ताजं मागवायचं.

पानांचे पत्ते वाचत तो निवड करत गेला. एका पत्त्याच्या शेवटी नुसती चार इंग्रजी अक्षरं होती, एम-ए-एच-ए. त्याने ‘महा’ वाचलं. राज्याच्या कुठल्या योजनेची माहिती असेल, असं धरून न उघडताच ते सगळ्यांच्या पानांत टाकलं. साइट पळू लागली.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या रितिकाने एक फोन त्याच्याकडे वळवला. भिवापूरची भीमाबाई बोलत होती.

“भाऊ, माहा रिपोर्ट उघडला तं शालिकरामचं नाव येऊन राहिलं. कोण हाय गा हा?”

“माहा?”

“माहा म्हंजे माहा. तुहा नाही.”

लहानपणी प्रीतमही ‘माझा’ला माहाच म्हणे. शाळेत पोरं हसली, तेव्हा सुटलं ते सुटलं. साइट बनवणारा सौरव भिवापूरचा होता, केव्हाच दुसरीकडे गेलेला. घरी बोलायचा तसंच त्याने रिपोर्टच्या पानाला ‘माहा’ नाव दिलं होतं. त्या सकाळी शालिकरामने आपला रिपोर्ट सगळ्यांत आधी उघडला, त्याची प्रत राहिली, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला तीच मिळत गेली.

प्रीतमने ते पान नियमातून काढलं, साठा रिकामा केला, इस्पितळाला कळवलं. शालिकरामला सांगणं भाग होतं. फोन करायला तिथलं कोणी धजेना, तेव्हा आपणच करतो, असं प्रीतम म्हणाला. लिहून काढलेली माफी त्याने वाचून दाखवली.

किती जणांनी पाहिलं, असं शालिकरामने विचारलं. नक्की सांगता येणार नाही, पण बऱ्याच जणांनी.

“चूक माझी आहे, काका. तुम्ही तक्रार करू शकता.”

“मी तं अजून कोणालेच सांगितलं नव्हतं गा. सांगाले हाय कोण.” मग त्याने विचारलं, “तुनं वाचला?”

“नाही. मी न बघताच पुसला.”

“मंग ऐक.”

रिपोर्टातले इंग्रजी शब्द शालिकरामला जमत नव्हते. तो एकेक अक्षर सुटं करून वाचू लागला, आणि प्रीतम फोन कानाशी धरून दर शब्दाला हं म्हणत राहिला.