वाढीव हात

ओतशाळेत त्यांना सगळे वाढीवमामा म्हणायचे. लाकडाचे पॅटर्न करणं हे त्यांचं काम. पॅटर्न वाळूत दाबून काढायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी मामांकडे खास पट्टी होती. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्यापेक्षा जरासा लांब. मामांचा चहा पितळेच्या हिशोबाने भरा रे, अशी थट्टा चालायची आणि मामाही हसायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसरीत असताना तापाने गेली. मागे राहिला तिच्या हाताचा प्लास्टरचा ठसा, शाळेत केलेला. त्याची पांढरी भुकटी बोटांना लागायला लागली, तेव्हा मामी म्हणाल्या, तो पितळेत ओतून आणा. थेट प्लास्टरवरून साचा घेतला असता तर हात लहान आला असता. तेवढंही लहान होणं मामांच्या जिवावर आलं. त्यांनी आपल्या पट्टीने मापं घेऊन सागाचा हात कोरला. पितळेचा हात बरोबर तिच्या मापाचा उतरला.

दोन्ही हात घरी आले. मामींनी पितळेचा पाहिला आणि बाजूला ठेवला. लाकडाचा मात्र धरून बसल्या.

"हा मोठा आहे."

"असणारच. धातू आकसतो ना, म्हणून..."

"वाढलाय," मामी म्हणाल्या.

मामांनी पुन्हा समजावून सांगितलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि तो हात उशाशी ठेवला.

वर्षभराने त्या म्हणाल्या, "अहो, हा आता तिला लहान होत असेल. नवा करा."

मामा नाही म्हणाले. डॉक्टरांकडे जाऊ म्हणाले. घरात बोलणं बंद झालं. शेवटी त्यांनी आधीच्या हातावर ती पट्टी लावली आणि नवा कोरला. मग दरवर्षीच. शेजारची तिच्या वयाची मुलगी दारात आली की मामांची नजर तिच्या बोटांवर जायची आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटायची. पॉलिश पेपर घासला की लाकूड गरम होतं, यात नवल नव्हतं. पण हे लाकूड गरम झालं की ते खाली ठेवून मामा बाहेर जाऊन उभे राहत.

एके वर्षी मामींनी नव्या हातावर आपला तळवा टेकवला. बोटाला बोट जुळलं.

"झाली मोठी. आता पुरे," त्या म्हणाल्या. सगळे हात चादरीत गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवले आणि कित्येक वर्षांनी शांत झोपल्या.

मामांना मात्र थांबता येईना. पुढच्या वर्षी मामी मागच्या खोलीत गेल्या, तर मामा नवं लाकूड घेऊन बसलेले.

"आता काय करताय?"

"बोटं आता वाढायची नाहीत," मामा म्हणाले. "सांध्यांपाशी जाड होतील तेवढी."

मामी त्यांच्याजवळ बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मामांच्या हातातून पटाशी काढून घेतली.

"तिला म्हातारी नका करू."

लाकडावर मनगटाचा उतार तेवढा निघाला होता. मामांनी ते पुढे कोरलं नाही, टाकलंही नाही. संध्याकाळी ते त्याच्यावर हात ठेवून बसत आणि कुणी आलं की हात काढून घेत.