सत्तारचाचांची हिरवी वायर

सत्तारचाचा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. कॉम्प्युटरचा कॅबिनेट असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर दुकानाचं शटर. बोटांची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच वस्तू हातात घ्यायची. पहिल्या दिवशी मी कारण विचारलं.

"ताई, करंट लागला का मूठ मिटते," ते म्हणाले. "तळहात लावला तर माणूस वायर धरूनच बसते, सुटत नाही. उलटा लावला का हात आपसूक मागं येते."

"चाचा, हा चहा आहे."

"सवय हाय," म्हणाले आणि ग्लास उचलला.

अकोल्यात माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे एक खोली. चाचा त्या मागच्या खोलीत बसायचे. त्याआधी तीसेक वर्षं ते हिवरखेडला शेतातल्या पाण्याच्या मोटरींचं वायंडिंग करत, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरत होते. मग तिकडच्या विहिरी आणि बोअर एकामागून एक आटले. लोकांनी संत्र्याच्या बागा तोडल्या. बागच नाही तर मोटर कोण दुरुस्त करणार? जळालेल्या मोटरी चाचांकडे न येता सरळ भंगारात जाऊ लागल्या, आणि भंगारवाला चाचांच्या दुकानाच्या पुढेच होता. आपण भरलेल्या मोटरी रोज आपल्याच दारावरून जाताना त्यांनी पाहिल्या. "मयत दारावरून जाते तवा उठून उभं राहा लागते," ते सांगायचे. "मी त्या साली दिवसभर उभाच होतो."

ते हे हसत सांगायचे. त्यामुळे ऐकणाराही हसायचा, आणि तेवढ्यात ते दुसऱ्या कामाला लागलेले असायचे.

बायको आधीच गेली होती. एकुलता मुलगा शकील सुरतेला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होता. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा, आणि दर शुक्रवारी तो एकच म्हणायचा, अब्बा, इकडे या. चाचांना जायचं नव्हतं. दर महिन्याला एकदा एसटीने हिवरखेडला जाऊन बायकोच्या कबरीवर फातेहा पढून ते परत यायचे. "सुरतेहून कोण येईन एवढं?" ते म्हणत. शेवटी बापलेकांत ठरलं, की ईदपर्यंत पाहायचं. अकोल्यात हाताला काम जमलं तर राहायचं, नाही तर शकील न्यायला येणार. हे मला चाचांनीच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझ्याकडे ते कॉम्प्युटरचे पंखे आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करत. पण ते काम मरत चाललं होतं, नवीन सप्लाय स्वस्त पडायचा. त्याच सुमाराला काचेच्या कॅबिनेटची मागणी सुरू झाली. आत रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या लावायच्या आणि रिमोटने हवा तो रंग करायचा. कॉम्प्युटरचं काम त्याने तसूभरही वाढत नाही, पण गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं. अमरावतीच्या प्रमोदभाऊंनी पहिली ऑर्डर दिली. त्यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ होता. वधूपित्यांना समोर बसवून व्हिडिओ दाखवायचा, तेव्हा बाजूला झगमगता कॅबिनेट हवा. मी पट्ट्यांचं काम चाचांना दिलं. सोल्डरिंगला त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता.

या पट्टीला चार वायरी असतात. एक वीज आणते. उरलेल्या तीन लाल, हिरव्या आणि निळ्या, त्या एका छोट्या डबीत जातात. रिमोट दाबला की डबी ठरवते, कोणता रंग किती सोडायचा. चाचांनी दोन दिवस पट्ट्या अशा बसवल्या, की काचेतून एक जोड दिसत नव्हता. मी रिमोटवरचं रंग बदलायचं बटण दाबलं. पिवळा आला, आकाशी आला, पांढरा आला. छान दिसलं. बंद करून मी पाहिलं नाही. दिवा लागतो का हे सगळे पाहतात, विझतो का हे कोण पाहतं?

तीन आठवड्यांनी प्रमोदभाऊंचा फोन आला. मी आणि चाचा सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलो.

"मॅडम, या, पाहा," त्यांनी आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं. "हे हळदीचं शूटिंग हाय. हळदीत न्हायलेली नवरी कुंकवात बुडवल्यासारखी दिसून राहिली. तिचा बाप दोन तास याच खुर्चीवर बसून होता. म्हणे, माया पोरीले गोवर झाला काय?"

कारण तासाभरात सापडलं. प्रमोदभाऊ रंग सुधारायला बसताना लाइट बंद करायचे, पण लाइट पूर्ण विझायचाच नाही. हिरवा राहायचा. तो उजेड स्क्रीनवर पडायचा, त्यांना चित्र हिरवट वाटायचं, ते हिरवा कमी करत जायचे, आणि पांढऱ्या उजेडात किंवा दुसऱ्याच्या घरी टीव्हीवर नवरी लालभडक निघायची.

चाचांनी कॅबिनेटला उलटा हात लावला, काच काढली आणि आत पाहिलं. हिरवी वायर त्यांनी डबीत नेलीच नव्हती. कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट कसली होती.

"हिरवी अर्थिंगले नाही लावाची काय?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं. मोटरवाल्याच्या जगात हिरवी वायर म्हणजे जमिनीत जाणारी. तिच्यात कधी वीज नसते, ती फक्त माणूस वाचवायला असते. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक हिरवी वायर पत्र्यालाच बांधली होती. इथे मात्र पत्र्याला लागलेला रंग कायमचा चालू राहतो, डबीला विचारतच नाही.

मी प्रमोदभाऊंच्या देखत म्हणाले, "चाचा, ही शेतातली मोटर नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. वायर सोडवली, डबीत नेली, जोडावर टेप गुंडाळला. मग स्वतः रिमोट हातात घेऊन पाच-सहा वेळा लाइट बंद करून पाहिला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं. तेव्हा चाचा खिडकीकडे पाहत म्हणाले, "एवढी वर्षं हिरवीले मेलेली समजलो, ताई. इथं ते जिती निघाली."

त्यांना चूक समजली होती. पुन्हा ती झाली नसती, हे मलाही कळत होतं. पण प्रमोदभाऊंनी दोन-चार स्टुडिओवाल्यांना नवरीचा किस्सा सांगितला होता, आणि मला दुकान चालवायचं होतं. पुढची दोन कामं मी अमरावतीच्या एका कारागिराला दिली. चाचांनी एकदाच विचारलं, "लाइटचं काम आलं नाही काय?" मी म्हटलं, नाही. त्यातला एक कॅबिनेट तेव्हा मागच्याच खोलीत चादरीखाली ठेवलेला होता. त्याला त्यांनी उलटा हात लावून पाहिला असणारच. मला त्यांनी ते कळू दिलं नाही.

रमजान सुरू झाला. एक दिवस चाचा आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने ताप असल्याचा निरोप आणला. त्याच दिवशी अमरावतीचा कारागीर तिसरं काम अर्धवट टाकून बसला होता. मी दुपारी चाचांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. काळजी होती, आणि कामही होतं. दोन्ही खरं आहे.

उन्हामुळे त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाहेरून आत गेल्यावर आधी फक्त हिरवा उजेड दिसला. कोपऱ्यात स्टुलावर एक जुना कॅबिनेट होता, आमच्याच दुकानातून भंगार म्हणून नेलेला. आत कॉम्प्युटर नव्हताच. एक सप्लाय, एक पट्टी, एक डबी, आणि हिरवी वायर पत्र्याला कसलेली.

"चाचा, ही वायर तर तुम्ही नीट लावायला शिकलात ना?"

"शिकलो. ते मुद्दाम केलं." ते खाटेवर उठून बसले. "माणूस गेल्यावर घरात समदं बंद होते, ताई. मी बाहेरून येतो, कुलूप काढतो, तर जसं ठेवलं तसंच राह्यते. भांडं बी सरकत नाही. हे मी रिमोटनं बंद करून जातो. आल्यावर पाहतो, तर एक रंग मायं न ऐकता बसून हाय."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. बोटांची मागची बाजू. ताप बराच होता. ते हसले. "शिकल्या तुमी."

"चाचा, मी काम घेऊन आले. लाइटचं. तुम्हीच करायचं."

त्यांनी उशाशी ठेवलेला रिमोट बाजूला सारला.

"शकीलले परवा हो म्हटलं," ते म्हणाले.

"मग नाही म्हणा."

"त्यानं तिकिटं काढली. नातवानं माया खाटेची जागा करून ठेवली म्हणते." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "तुमी उशीर नाही केला, ताई. मीच घाई केली."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. उशीर मीच केला होता, आणि किती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ईदनंतर शकील आला. सामान दोन पिशव्यांत मावलं. तो कॅबिनेट सुरतेला नेण्यासारखा नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आणून ठेवला. निघताना चाचांनी त्या कॅबिनेटवर हात ठेवला. सरळ तळहात, बराच वेळ. मग शकील रिक्षातून हाक मारू लागला.

सुरतेहून त्यांचा अधूनमधून फोन यायचा, शुक्रवारीच. तब्येत विचारायचे, पाऊस विचारायचे आणि शेवटी, "हिरवा चालू हाय काय?" मी हो म्हणायचे. तेवढंच बोलणं. पुढच्या हिवाळ्यात फोन आला तो शकीलचा होता. अब्बा गेले. दफन तिथेच केलं.

त्या कॅबिनेटमध्ये मी आता कॉम्प्युटर बसवला आहे. काउंटरवर तोच असतो, बिलं त्यावरच निघतात. रिमोटने लाइट बंद केला तरी हिरवा राहतो. काउंटरशी उभं राहिलेलं एखादं गिऱ्हाईक सांगतं, "मॅडम, तुमचाच लाइट खराब आहे." दोन मिनिटांचं काम आहे. वायर कुठे सोडवायची ते मला माहीत आहे, आणि स्क्रूड्रायव्हर समोरच्या ड्रॉवरमध्ये असतो.