दुर्वा विकणारी नंदाबाई

नंदाबाई राजूरच्या मंदिराबाहेर दुर्वा विकायची. हृदय कमजोर झाल्यानं तिला अंगातलं पाणी उतरवणारी गोळी होती. पण गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागे, आणि त्या गर्दीत बाईमाणसाला जागा कुठली? गणेशोत्सवात तिनं कुणाला न सांगता गोळी बंद केली. पाय सुजले, आडवं पडताच दम कोंडू लागला. सून मीनानं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

"मावशी, विचारलं असतं तर गोळीची वेळ बदलून दिली असती," डॉक्टर म्हणाले.

"गडीमाणसाला असलं कसं इचारावं?" नंदाबाई पुटपुटली.

ती घरी आली, पण मंदिरापर्यंत चालायची ताकद पुन्हा आली नाही. आता मीना रोज सकाळी गोळी देते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते.